खाणीतील टाकाऊ माती : प्रदूषण उगमापाशी रोखण्याचे मार्ग

खाणीतून विकाऊ माल थोडा निघतो आणि टाकाऊ माती-दगड फार. गोव्यात एक टन लोहखनिज मिळवण्यासाठी साधारण अडीच ते तीन टन माती बाजूला करावी लागे. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज परदेशी गेले. त्यामागे राज्यात किती माती मागे राहिली असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यातील कोळशाच्या खुल्या खाणींतही कोळशावरचे थर उकरण्याचे काम प्रत्यक्ष कोळसा काढण्यापेक्षा कितीतरी मोठे असते. तिथे या मातीला सगळे ‘ओबी’ म्हणतात, गोव्यात ‘डंप’. पुणे परिसरातील दगडखाणींत वरचा मुरूम, न खपलेले डबर आणि क्रशरखालची भुकटी हाच टाकाऊ माल.

हा माल जमिनीखाली असताना निरुपद्रवी असतो. सुरुंगाने फुटून तो उघड्यावर आला, की त्याचा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि हवा, पाणी व वारा त्याला भिडतात. प्रदूषण सुरू होते ते त्या क्षणी. पुढे नाल्यात, विहिरीत, भातखाचरात जे दिसते तो केवळ परिणाम. म्हणून नियंत्रणाचे बहुतेक काम ढिगारा रचण्याआधी आणि रचताना करायचे असते. नंतर होते ती डागडुजी, आणि ती महाग पडते.

खाणीच्या टाकाऊ मालापासून होणारा उपद्रव मुख्यतः चार प्रकारचा असतो. मातीचा बारीक कण पाण्याबरोबर वाहून जातो व ओढे-नद्या गाळाने भरतात. दगडातील गंधकयुक्त खनिजे हवा-पाण्याच्या संयोगाने आम्ल तयार करतात आणि त्यात लोह, मँगनीज यांसारखे धातू विरघळतात. कोरड्या दिवसांत धूळ उडते. आणि कधीकधी अख्खा ढिगारा किंवा बांधच सरकतो. महाराष्ट्र-गोव्यात पहिला प्रकार सर्वांत व्यापक आहे, पण त्याकडे ‘नुसती माती तर आहे’ म्हणून सर्वांत जास्त दुर्लक्ष होते.

खोदण्याआधीची पाहणी

नवीन खाणीचा आराखडा करताना खनिजाचे जितके नमुने तपासले जातात तितकेच टाकाऊ थरांचेही तपासले जावेत. बोअरमधून निघालेल्या दगडाच्या कांड्या त्यासाठी उपलब्ध असतातच. खनिजाचा भाग प्रयोगशाळेत जातो आणि बाकीचा पेटीत पडून राहतो, हा नेहमीचा अनुभव. प्रत्येक थराची जाडी, त्यातील चिकणमातीचे प्रमाण, गंधक, आणि आम्ल जिरवण्याची क्षमता एवढ्या चार गोष्टी कळल्या तरी कोणता थर ढिगाऱ्याच्या पोटात जावा आणि कोणता वर राहावा, हे आधी ठरवता येते.

वरची सुपीक माती वेगळी काढणे ही त्यानंतरची पायरी. साधारण १५ ते ३० सेंटिमीटरचा हा थर स्वतंत्र, बुटक्या ढिगात ठेवावा. उंची दोन-तीन मीटरांच्या आत असावी, नाहीतर आतील जिवाणू व बुरशी हवेअभावी मरतात. ढिगावर ताग किंवा गवताचे बी टाकून तो झाकावा आणि शक्य तितक्या लवकर पूर्ण झालेल्या उतारावर वापरावा. खनिज संधारण व विकास नियमांत ही तरतूद फार पूर्वीपासून आहे. तरी डंपर भरायच्या घाईत सुपीक माती आणि खालचा मुरूम एकत्र जातात, आणि दहा वर्षांनी झाडे लावताना बाहेरून माती विकत आणावी लागते.

जागेची निवड हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ओढ्याच्या, व्हाळाच्या किंवा नदीच्या काठावर, झऱ्याच्या मुखावर आणि गावाच्या वरच्या अंगाला ढिगारा नसावा. चंद्रपूरजवळ इरई नदीच्या काठाने उभे राहिलेले ओबीचे डोंगर आणि नदीपात्रात साचलेला गाळ हा त्या शहरातला जुना वाद आहे. नदीपात्रातून गाळ उपसण्याचा खर्च ढिगारा सुरुवातीलाच दोन किलोमीटर मागे नेण्याच्या खर्चाशी ताडून पाहिला, तर पुढच्या खाणींचे निर्णय सोपे होतील. भाडेपट्ट्याच्या हद्दीबाहेर माती टाकण्याचा मार्ग आता कायद्यानेही बंद आहे. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पट्ट्याबाहेर डंप करणे बेकायदा ठरवले आणि गोव्यातील वार्षिक उत्खननावर दोन कोटी टनांची मर्यादा घातली.

ढिगारा सर्वांत लहान ठेवायचा असेल, तर माती पुन्हा खड्ड्यातच टाकणे उत्तम. खनिजाचा थर संपलेल्या भागात लगेच भराव सुरू करता येईल, अशा क्रमाने उत्खनन आखावे. कोळशाच्या सपाट थरांत हे तुलनेने सोपे असते. गोव्यातील खोल, निमुळत्या लोहखाणींत तळाशी अजून खनिज आहे या कारणाने भराव वर्षानुवर्षे पुढे ढकलला जाई, आणि डंप वाढत राहत.

ढिगाऱ्याची रचना

माती उंचावरून ओतली की ती आपल्या नैसर्गिक कोनात, साधारण ३५ ते ३८ अंशांत, थांबते. डोळ्याला हा उतार पक्का दिसतो. प्रत्यक्षात तो काठावर उभा असतो, आणि गवताला त्यावर मूळ धरता येत नाही. कोळसा खाण नियमावली, २०१७ नुसार ढिगाऱ्याचा उतार ३७.५ अंशांहून तीव्र नसावा, उंची ३० मीटरांपलीकडे जात असेल तर टप्पे पाडावेत, एकही टप्पा ३० मीटरांहून उंच नसावा आणि एकूण उतार एक मीटर उभा असेल तर दीड मीटर आडवा, यापेक्षा खडा नसावा. ही सुरक्षिततेची किमान अट आहे. धूप थांबवायची आणि झाडोरा रुजवायचा, तर अंतिम उतार एकास दोन, म्हणजे सुमारे २७ अंश किंवा त्याहून सौम्य ठेवावा. जागा जास्त लागते हे खरे, पण नंतर दर पावसाळ्यात घळी बुजवण्याचे काम वाचते.

पायथ्याखालची जमीन तपासल्याशिवाय ढिगारा चढवू नये. वर्धा खोऱ्यात वरचा थर काळ्या कापसाच्या जमिनीचा आहे. ती भिजली की फुगते आणि तिची पकड ढिली होते. अशा मातीवर ढिगारा उभा केला किंवा हीच माती ढिगाऱ्याच्या तळाशी गेली, तर पावसाळ्यात संपूर्ण उतार घसरण्याचा धोका असतो. याच खोऱ्यातल्या सास्ती खुल्या खाणीत २००९ मध्ये ढिगारा घसरला होता. झारखंडमधील राजमहल प्रकल्पाच्या लालमाटिया खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी घसरलेल्या मातीखाली २३ कामगार गेले. काळी माती आधी काढून घ्यावी, तळाशी टणक, मोठ्या दगडांचा निचरा होणारा थर द्यावा आणि त्यावर माती थरांनी पसरून डोझरने दाबावी. बहुतेक ठिकाणी डंपर कड्यावरून मागे टेकवून माल ओततात. त्यात दगड घरंगळत खाली जातात व बारीक माती वर राहते. पावसाचा पहिला मारा नेमका तिच्यावर बसतो.

प्रत्येक टप्प्याचा माथा आतल्या बाजूला किंचित कललेला हवा. पाणी कडेवरून खाली कोसळण्याऐवजी टप्प्याच्या मागच्या चरात जाते आणि तिथून दगडी अस्तर केलेल्या उतरणीने खाली येते. माथ्यावर पाणी तुंबू देऊ नये. तुंबलेले पाणी आत मुरते आणि पोटातून ढिगारा ढिला करते. बाहेरून दिसणाऱ्या घळींपेक्षा माथ्यावरच्या लांब, वक्र भेगांकडे अधिक लक्ष द्यावे. तशी भेग दिसल्यास खालचे काम त्याच पाळीत थांबवावे.

पाणी मातीला भेटण्याआधी

खाणीच्या पाण्याचे दोन प्रकार वेगळे ठेवणे हा या सर्व कामाचा गाभा आहे : वरच्या डोंगरावरून येणारे स्वच्छ पाणी, आणि ढिगाऱ्यावर व खड्ड्यात पडलेले गढूळ पाणी. पहिले बाहेरून वळवून थेट ओढ्याला द्यावे, दुसरे आत अडवावे. ते एकदा मिसळले की सगळेच गढूळ होते आणि सगळ्यासाठीच तळी बांधावी लागतात. त्यासाठी खाण व ढिगारा यांच्या वरच्या बाजूने वळणचर काढतात. खाणीवर त्याला गारलँड ड्रेन म्हणतात. चर पहिल्या डंपरच्या आधी खणला गेला पाहिजे. त्याचा तळ कुठे खचतो, कुठे गाळ धरतो, हे दर पंधरा दिवसांनी पाहावे.

खाली पायथ्याशी दगडी भिंत असावी. काँक्रीटची भरीव भिंत पाणी अडवून स्वतःवरच दाब वाढवते. तारेच्या जाळीत दगड भरून केलेला गॅबियन बांध पाणी जाऊ देतो आणि जाड माती धरून ठेवतो, शिवाय जमीन थोडी खचली तरी तुटत नाही. भिंतीमागे साचलेली माती पावसाळा संपताच काढावी. भिंत काठोकाठ भरलेली असताना पुढच्या जूनला सामोरे जाणे म्हणजे भिंत नसल्यासारखेच.

भिंतीपुढे गाळतळी येतात, आणि इथे बहुतेक ठिकाणी एकच चूक होते. तळे खोल खणले जाते, पसरट नाही. कण पाण्यात कोणत्या वेगाने खाली बसतो यावर तळ्याचे क्षेत्रफळ ठरते. खोली फक्त साचलेल्या गाळाला जागा देते. ०.०२ मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला सुमारे ०.३६ मिलिमीटर, म्हणजे पाऊण तासात साधारण एक मीटर खाली जातो. चिकणमातीचा ०.००२ मिलिमीटरचा कण याच्या शंभर पट हळू बसतो. दिवसभरात जेमतेम तीस सेंटिमीटर.

हे आकडे एका उदाहरणात बसवून पाहता येतात. दहा हेक्टरचा ढिगारा आहे, तासाला ५० मिलिमीटर पाऊस कोसळतो आहे आणि त्यातील साठ टक्के पाणी वाहून जाते, असे धरले तर सेकंदाला सुमारे ०.८३ घनमीटर पाणी तळ्याकडे येते. ०.०२ मिलिमीटरपर्यंतचे कण बसवायला सुमारे २,३०० चौरस मीटर, म्हणजे तेवीस गुंठ्यांच्या आसपास पसरलेले तळे लागेल. प्रत्यक्षात पाणी एका बाजूने सरळ निघून जाते, वारा ते ढवळतो, म्हणून याच्या दीड-दोन पट जागा ठेवावी आणि तळ्यात आडवे बांध घालून पाण्याची वाट लांबवावी. पण याच हिशोबाने चिकणमातीचे कण बसवायचे, तर तेवीस हेक्टर तळे हवे. ढिगाऱ्याच्या दुपटीहून जास्त. तेवढी जागा कुठल्याच खाणीकडे नसते. गोव्यातील नद्यांत पावसाळ्यात दिसणारा तांबडा रंग याच कणांचा. फिटकरी किंवा तत्सम रसायने टाकून ते गोळा करता येतात, मात्र रोजच्या बदलत्या पाण्याला मात्रा जुळवत राहणे लहान खाणीला जमत नाही. म्हणून चिकणमाती उतारावरून निघूच नये, एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो : तिचा थर ढिगाऱ्याच्या पोटात ठेवणे, बाहेरचा भाग दगड-मुरुमाने मढवणे, आणि उघडा उतार कमीत कमी काळ उघडा ठेवणे.

पावसाळ्याआधीचे काम मे महिन्यातच पूर्ण व्हावे. कोकण-गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो आणि तो तीन हजार मिलिमीटरांच्या घरात पडतो. विदर्भात त्याहून बराच कमी, पण तोही थोड्या दिवसांत आणि जोरात. चर व तळी उपसणे, अपुरे उतार ताडपत्रीने किंवा काथ्याच्या जाळीने झाकणे, तळ्याच्या सांडव्याची दुरुस्ती ही कामे पहिल्या सरीनंतर करता येत नाहीत, कारण पोकलेन ओल्या उतारावर चढतच नाही.

खड्ड्यात साठणाऱ्या पाण्याचा हिशोब वेगळा ठेवावा. खड्ड्याच्या कडेचा मातीचा कठडा धरणासारखे काम करू लागतो, पण त्याची बांधणी धरणाची नसते. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात कळणे येथे जुलै २०२१ मध्ये लोहखाणीतील पाण्याने असाच कठडा फोडला आणि चिखल गावातील घरांपर्यंत व बागायतींत शिरला. बंद पडलेल्या किंवा पावसाळ्यात थांबलेल्या खाणीतही पाण्याची पातळी रोज नोंदवली जावी. ती कोणत्या खुणेपर्यंत आल्यावर पंप सुरू करायचे, हे आधी ठरलेले असावे, आणि ती खूण ओलांडल्यास खालच्या वस्तीत कोणी, कोणाला, कसे कळवायचे हेही कागदावर असावे.

खड्ड्याचे पाणी बाहेर सोडताना कोळसा खाणींसाठी ठरलेली मर्यादा लक्षात ठेवावी : तरंगणारे घन पदार्थ लिटरला १०० मिलिग्रॅम, सामू ५.५ ते ९, तेल-ग्रीस १० मिलिग्रॅम, नायट्रेटमधील नायट्रोजन १० मिलिग्रॅम. यातला शेवटचा आकडा फारसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. नायट्रेट येते सुरुंगाच्या अमोनियम नायट्रेटमधून : सांडलेल्या, ओल्या छिद्रात भिजलेल्या, न फुटलेल्या दारूतून. ओल्या छिद्रांसाठी पाण्यात न विरघळणारे इमल्शन वापरणे, सांडलेली दारू लगेच गोळा करणे, छिद्र भरल्यावर ते दिवसेंदिवस तसेच न ठेवणे एवढ्याने हे प्रदूषण जागच्या जागी निम्म्याहून कमी होऊ शकते. त्याला कोणतेही यंत्र लागत नाही.

आम्ल आणि धातू

कोळशाच्या थरांत व त्यांच्या लगतच्या काळ्या शेलमध्ये पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग, कमी-अधिक असते. त्याला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही मिळाले की गंधकाम्ल तयार होते. अ‍ॅसिडिथायोबॅसिलस जातीचे जिवाणू ही क्रिया कित्येक पटींनी वेगवान करतात. एकदा सुरू झालेली क्रिया दगडातला गंधक संपेपर्यंत चालू राहते, आणि त्याला दशके लागू शकतात. मेघालयातील जयंतिया टेकड्यांमधल्या नद्यांचे पाणी अशाच आम्लाने बिघडले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तिथल्या अशास्त्रीय कोळसा खाणींवर २०१४ मध्ये बंदी घातली. विदर्भातील कोळशात गंधक तुलनेने कमी असतो. तरी ‘कमी’ या शब्दावर विसंबू नये. प्रत्येक थर तपासावा.

तपासणीचा हिशोब सोपा आहे. दगडात एक टक्का गंधक असेल तर त्यातून निघणारे आम्ल जिरवायला दर टनामागे ३१.२५ किलो कॅल्शियम कार्बोनेट लागते. दगडातच त्याच्या तिप्पट किंवा अधिक चुनखडी असेल, तर तो सहसा सुरक्षित मानतात. आम्लाच्या मागणीपेक्षाही चुनखडी कमी असेल, तर तो आम्ल सोडणारच. मधल्या पट्ट्यातील दगडासाठी काही महिन्यांची चाचणी आवश्यक असते. आम्ल सोडणारा थर डंपरवर वेगळा चढवावा, चुनखडीयुक्त दगडाच्या थरांमध्ये गुंडाळावा आणि वरून दाबलेल्या चिकणमातीने झाकावा. शक्य असल्यास तो खाणीच्या खड्ड्यात कायम पाण्याखाली राहील अशा पातळीवर ठेवावा, कारण पाण्याखाली ऑक्सिजन फारसा पोहोचत नाही. चुनखडी आणण्यासाठी लांब जावे लागत नाही, हे विदर्भाचे नशीब. गडचांदूर-वणीच्या सिमेंट कारखान्यांना पुरणारा चुनखडीचा पट्टा कोळशाच्या अगदी शेजारी आहे.

मँगनीजचा प्रश्न थोडा निराळा. भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील डोंगरी बुजुर्ग, चिखला, गुमगाव, मनसर इथल्या खाणींच्या ढिगाऱ्यांत आम्ल नसतानाही, ऑक्सिजन कमी असलेल्या साचलेल्या पाण्यात मँगनीज विरघळू शकते. पिण्याच्या पाण्यात त्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी पाणी साचू न देणे आणि खालच्या विहिरी वर्षातून किमान दोनदा, उन्हाळ्याच्या शेवटी व पावसाळ्यानंतर, तपासणे हे इथे महत्त्वाचे.

झाडोरा

नुसते खड्डे खणून रोपे लावल्याने ढिगारा हिरवा होत नाही. त्यात सेंद्रिय अंश जवळजवळ शून्य असतो, पाणी धरवत नाही आणि उन्हाळ्यात दगड तापतो. नागपूरच्या नीरी संस्थेने गुमगावच्या मँगनीज ढिगाऱ्यावर वेगळी वाट चोखाळली. साखर कारखान्यातला प्रेसमड मातीत मिसळला, रोपांच्या मुळांना नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मायकोरायझा बुरशी लावली, आणि त्या आधारावर स्थानिक झाडे वाढवली. महाराष्ट्रात प्रेसमडला तोटा नाही, म्हणून ही पद्धत लहान खाणींनाही परवडण्याजोगी आहे. वाहतुकीचा खर्च मात्र आधी पाहून घ्यावा.

क्रम असा ठेवावा : पहिल्या वर्षी गवत व शेंगवर्गीय झुडुपे, उतारावर आडव्या ओळींत वाळा; दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करंज, शिरीष, शिवण, कडुनिंब, बांबू. वाळ्याची मुळे खोल जातात आणि उताराला धरून ठेवतात. गोव्यातील डंपांवर एकेकाळी सरसकट ऑस्ट्रेलियन आकेशिया लावला गेला. तो झपाट्याने वाढला आणि छायाचित्रांत छान दिसला, पण त्याखाली दुसरे काही उगवेना. सांखळीच्या जुन्या लोहखाणीवर झाडांबरोबर खड्ड्यातील पाण्यात मत्स्यपालनही करण्यात आले. अशा मिश्र वापराचे नियोजन खाण सुरू असतानाच करावे लागते.

माती कमी करणे आणि ओला गाळ

ढिगाऱ्यात काय आहे हे नीट पाहिले, तर त्यातला काही भाग टाकाऊ नसतोच. नागपूरजवळच्या कोळशावर कामठी वालुकाश्माचे जाड थर आहेत. वेस्टर्न कोलफिल्ड्सने भानेगाव व गोंडेगाव येथे ओबीतून वाळू वेगळी काढण्याचे प्रकल्प उभारले. नदीतील वाळूउपशावरचा ताण त्याने हलका होतो. मात्र वाळू धुताना निघणारी चिकणमाती पुन्हा पाण्यात येते. तिच्यासाठी बंदिस्त चक्र नसेल, तर एक प्रदूषण दुसऱ्या ठिकाणी हलवल्यासारखे होते.

खनिज धुऊन उरणारा ओला गाळ, म्हणजे टेलिंग, बांधामागे साठवण्याची पद्धत सर्वांत धोकादायक. ब्राझीलमधील ब्रुमादिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी लोहखाणीचा असा बांध फुटून २७० जणांचा बळी गेला. तो बांध जुन्या गाळावरच टप्प्याटप्प्याने वर चढवलेला होता. त्यानंतर ऑगस्ट २०२० मध्ये टेलिंगसाठी जागतिक मानक तयार झाले. नवीन प्रकल्पात फिल्टर प्रेसने गाळातले पाणी काढून घट्ट वड्या रचाव्यात. पाणी पुन्हा धुण्याला वापरता येते आणि फुटायला बांधच उरत नाही. जुना बांध असेल, तर त्यातील पाण्याची पातळी पिझोमीटरने मोजत राहावी आणि बांधाच्या पायथ्याशी पाझरणाऱ्या पाण्याचा रंग पाहावा. स्वच्छ पाझर चालतो, गढूळ पाझर म्हणजे बांध आतून वाहून जात आहे.

दगडखाणींना हे सगळे लागू नाही, पण त्यांचे काम त्यामुळे सोपे होते असेही नाही. पुण्यातल्या नारायण पेठेत जुना वाडा उतरवून त्या जागी इमारत उभी राहते, तेव्हा काँक्रीटची खडी शहराबाहेरच्या अशाच एखाद्या खाणीतून येते. वाघोलीचा परिसर त्यासाठी वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहे. २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार निकालानंतर पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक झाली. इथली मुख्य अडचण धुळीची : क्रशर पत्र्याने बंदिस्त करणे, वाहक पट्ट्याच्या प्रत्येक पडावावर पाण्याचा फवारा, ड्रिलिंग ओले, रस्त्यावर टँकर आणि ट्रकवर ताडपत्री. भुकटी वाऱ्यावर न सोडता क्रश सँड म्हणून विकली, तर टाकाऊ माल बराच घटतो. दुसरे टोक शहरात आहे. पाडलेल्या वाड्याचे घडीव काळे दगड आणि सागवान पूर्वीही वाया जात नसे. आता उरलेला राडारोडा वाघोलीतील प्रक्रिया प्रकल्पात पाठवता येतो, आणि त्यातून निघालेली खडी जितकी वापरली जाईल तितकी नवी खाण कमी खणावी लागेल.

देखरेख आणि गावाचे हक्क

खाणचालकाने स्वतःच्या सोयीसाठी तीन वह्या ठेवाव्यात : रोजचा पाऊस, तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा आणि ढिगाऱ्यांची पाहणी. वर्षभरात कोणत्या पावसाला कोणते तळे अपुरे पडले, हे यातून आपोआप समजते. अहवाल लिहिणाऱ्या सल्लागारापेक्षा या वह्या अधिक उपयोगी पडतात.

ग्रामपंचायतीलाही बरेच काही करता येते. खाणीच्या वरच्या आणि खालच्या बाजूला ओढ्यावर दोन कायम ठिकाणे ठरवावीत. जूनमधील पहिल्या मोठ्या पावसात, कारण तेव्हाचे पाणी सर्वांत खराब असते, दोन्ही ठिकाणी पारदर्शक बाटल्या भराव्यात, तारीख-वेळ लिहावी, छायाचित्र घ्यावे आणि चोवीस तासांनी तळाशी बसलेला थर पाहावा. ही चाचणी न्यायालयात पुरावा ठरणार नाही, पण गाळ खाणीतून येतो की वरच्या शेतांतून, हे तिने कळते. त्यानंतरच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा खर्च करावा. विहिरींची पातळी ओहोटीला लागल्यास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी मागता येतात.

पर्यावरण मंजुरीच्या अटी सार्वजनिक असतात आणि त्यांच्या पालनाचा सहामाही अहवाल खाणचालकाने दर वर्षी १ जून व १ डिसेंबरला द्यायचा असतो. वळणचर, पायथ्याची भिंत, गाळतळी, लागवडीचे क्षेत्र यांचे आकडे त्यात असतात; ते घेऊन जागेवर फिरून पाहावे. तफावत असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला, आणि कोळशाखेरीज मोठ्या खनिजांच्या बाबतीत नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोलाही, छायाचित्रांसह लेखी कळवावे. लोह, मँगनीज यांसारख्या खनिजांच्या अ वर्गातील खाणींसाठी बंद करण्याच्या कामाची आर्थिक हमी २०२१ पासून हेक्टरी पाच लाख आणि ब वर्गासाठी तीन लाख रुपये आहे. ती किती क्षेत्रासाठी भरली आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत पिण्याचे पाणी व पर्यावरण ही प्राधान्याची क्षेत्रे आहेत. पण या निधीतून खाणीच्या आतली गाळतळी बांधणे योग्य नव्हे. ती चालकाची जबाबदारी आहे, निधी गावाच्या विहिरी व ओढ्यांसाठी.

एवढे करूनही काम होत नसेल, तर महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. तिथे पर्यावरणविषयक वाद कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. सबळ कारण असल्यास आणखी साठ दिवस मिळतात. नुकसानभरपाई व पुनर्स्थापनेच्या मागणीसाठी ही मुदत पाच वर्षांची आहे. पहिल्या बाटलीवर आणि पहिल्या छायाचित्रावर तारीख घालण्याचा आग्रह या मुदतीसाठीच आहे.